जो आत आला

शालिनी अंथरुणाला खिळली त्या वर्षी मी प्रार्थना करणं सोडलं नव्हतं. सकाळी उठल्यावर आणि दिवा मालवण्याआधी हात जुळत होते, ओठ हलत होते, शब्दही नेहमीचेच होते. फक्त ते शब्द कुणाच्या कानावर पडतायत असं वाटेनासं झालं होतं. मी शिक्षक होतो. सुट्टीत काही कामासाठी शाळेत गेलं की रिकाम्या वर्गात आपलाच आवाज भिंतीवर आपटून परत येतो, ते मला माहीत होतं. माझी प्रार्थना तशी झाली होती. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. सांगावं असं जवळ कुणी नव्हतंही.

आम्ही मूळचे नगरकडचे. पणजोबांपासून घर ख्रिस्ती. नोकरीनिमित्त मी तरुणपणी तलासरीला आलो, शालिनीला डहाणूच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी मिळाली, आणि काही वर्षांपुरते म्हणून आलेलो आम्ही इथलेच होऊन गेलो. निवृत्तीनंतर गावाकडे परतावं असं एकदोनदा बोलणं झालं, पण गावात आता ओळखीचं कोण उरलं होतं? तलासरीच्या बाहेर, घोलवडकडून येणाऱ्या रस्त्यालगत आम्ही लहानसं घर बांधलं. पुढे पडवी, मधे एक मोठी खोली, मागे स्वयंपाकघर, वर कौलं. मुलगी लग्न होऊन बंगळूरला गेली. दर रविवारी आम्ही दोघं डहाणूजवळच्या मसोलीला चर्चमध्ये उपासनेला जायचो. तिथली ख्रिस्ती मंडळी संख्येने लहान, पण जिव्हाळ्याची. उपासनेआधी मी मुलांचा वर्ग घ्यायचो. ‘तारण म्हणजे काय?’ असं विचारलं की मुलं हात वर करायची, आणि मी त्यांना समजावून सांगायचो. एखादा माणूस पाण्यात बुडतोय आणि कुणीतरी हात धरून त्याला काठावर ओढतं. घराला आग लागलीय आणि कुणीतरी आपल्याला उचलून बाहेर आणतं. पाप म्हणजे ते पाणी, ती आग. प्रभू आपल्याला त्यातून बाहेर काढतो. मुलांना ते लगेच कळायचं. मलाही कळलंय असं मी धरून चाललो होतो.

एका सकाळी चहा गाळताना शालिनीच्या हातातून गाळणं पडलं आणि पाठोपाठ ती स्वतः पडली. उजवी बाजू पूर्ण गेली. वाचाही गेली. फक्त ‘हो’ एवढा एक शब्द राहिला. पाणी हवं का? हो. नको का? हो. दुखतंय का, खिडकी लावू का, लेकीशी फोनवर बोलतेस का? सगळ्याला हो. आयुष्यभर माझ्याशी हुज्जत घालणारी बाई. भाजीत मीठ किती घालावं इथपासून देव माणसाला दुःख का देतो इथपर्यंत कुठल्याही गोष्टीवर तिचं स्वतःचं मत असायचं. ती आता माझ्या तोंडाकडे बघत प्रत्येक गोष्टीला हो म्हणायची, आणि तिच्या डोळ्यांत दिसायचं की तिला तसं म्हणायचं नाहीये. त्या ‘हो’इतकी एकटी गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही. ती तिच्या एकटेपणात होती आणि मी माझ्या, आणि आमच्या मधे एका पलंगाच्या काठाएवढंही अंतर नव्हतं.

सुरुवातीला मंडळीतले लोक येत. चर्चचे पाळकसाहेब महिन्यातून एकदा येऊन प्रार्थना करून जात. मग त्यांची बदली झाली. लोकांनाही त्यांचे संसार होते, मसोलीहून तलासरी काही जवळ नाही. मी कुणाला दोष देत नाही. एक वडीलधारे गृहस्थ मात्र फोन करत आणि दरवेळी म्हणत, “भाऊ, यातून प्रभू तुम्हाला काहीतरी शिकवतोय.” मी “हो” म्हणायचो आणि फोन ठेवायचो. ठेवल्यावर लक्षात यायचं की मीही शालिनीसारखाच हो म्हणालो.

त्यातच त्या हिवाळ्यात जमीन हलायला लागली. आमच्या डहाणू-तलासरीच्या लोकांना ते दिवस सांगायला नकोत. धक्का येण्याआधी आवाज यायचा. जमिनीच्या पोटात कुणीतरी दगडांनी भरलेला ट्रक रिकामा करावा तसा. मग मांडणीतली भांडी वाजायची, दाराची कडी हलायची, आणि गल्लीत पळापळ व्हायची. लोक घराबाहेर तंबूत, ताडपत्रीखाली झोपू लागले. शाळा झाडाखाली भरू लागल्या. समोरच्या घरातले मनुभाई, त्यांचं बाजारात सायकलचं दुकान आहे, दर धक्क्याला रस्त्यावरून ओरडायचे, “सर, बाहेर या ने! आत काय करता?”

आत काय करत होतो? बसून राहत होतो. शालिनीला हलवलं की तिला झटके यायचे. थंडीत तिची छाती भरायची आणि बाहेर तंबूत ठेवायला डॉक्टरांनी साफ मनाई केली होती. मनुभाईंनी आणि इतरांनी एकदा तिला उचलून बाहेर नेऊन पाहिलं, तर ती दोन दिवस तापाने फणफणली. त्यानंतर कुणी आग्रह केला नाही. मी एकटा तिला उचलू शकत नव्हतो, माझ्या कमरेने कधीच साथ सोडली होती. म्हणून आवाज आला की मी पलंगाशी जाऊन तिचा हात धरायचो. बाहेर धावणाऱ्या पायांचा आवाज यायचा, पोरांची रडारड, बायकांच्या हाका. मग सगळे बाहेर पोहोचले की एकदम शांतता. त्या शांततेत कौलांतून थोडी धूळ पडायची. सगळं गाव एका बाजूला, उघड्यावर, आणि आम्ही दोघं दुसऱ्या बाजूला, छपराखाली. मी मनात म्हणायचो, प्रभू, तू बाहेर काढणारा आहेस ना? मग आम्हाला बाहेर काढ. नाहीतर निदान सांग, आम्ही काय केलं? हळूहळू मी विचारणंही सोडलं. फक्त सवयीने त्याचं नाव घेत राहिलो.

अशाच एका दुपारी मी शालिनीला पेज भरवत होतो. पडवीतून कुणीतरी हाक मारली, “काका, थोडं पानी मिलेल काय? गाडी गरम झाली.” खिडकीतून दिसलं, रस्त्याच्या कडेला चिकूच्या पेट्यांनी भरलेला टेम्पो उभा होता आणि त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. मी बसल्या जागेवरून म्हणालो, “अंगणात पिंप आहे, हवं तेवढं घ्या.” त्या माणसाचा चेहराही मी पाहिला नाही. पिंपात डबा बुडवल्याचा आवाज ऐकला आणि पुन्हा चमचा भरला.

तेवढ्यात तो आवाज आला. नेहमीपेक्षा मोठा, आणि दूरचा नव्हे, अगदी पायाखालचा. पलंग जमिनीवर सरकला. मांडणीवरचे डबे खाली आले. मी उठायला गेलो तर कंबर जागच्या जागी धरली, मी पलंगाच्या दांडीला धरून खाली बसलो. वर पाहिलं तर आढ्याजवळची कौलं एकमेकांवरून घसरत होती, अगदी सावकाश, जणू त्यांना काही घाई नव्हती. शालिनी उताणी, डोळे उघडे, ती पण तेच बघत होती. तिच्यावर आडवं पडावं एवढं मला सुचलं होतं, पण शरीर उठेना. त्या क्षणी माझ्या तोंडून काय निघालं ते मला आठवत नाही.

मग दारातून एक माणूस आत आला. धावत आला, पायांत चपला तशाच. तो एका ढांगेत पलंगावर चढला, शालिनीच्या दोन्ही बाजूंना हात आणि गुडघे रोवले आणि तिच्यावर ओणवा झाला, तिच्या अंगाला अंग न लावता. “काका, डोकं पलंगाखाली घाला!” असं ओरडला. मी घातलं. वरून कौलं पडल्याचा आवाज, लाकूड मोडल्याचा आवाज, त्या माणसाच्या तोंडून निघालेला हुंकार. मग धुळीने काही दिसेना.

सगळं थांबलं तेव्हा मी पलंगाच्या दांडीला धरून उभा राहिलो. छपरात मोठं भोक पडून आत लख्ख ऊन आलं होतं. तो माणूस अजून तसाच ओणवा होता. त्याच्या पाठीवर कौलांचे तुकडे आणि एक मोडलेला वासा. मानेजवळून रक्त वाहत होतं आणि उशीवर थेंब थेंब पडत होतं. शालिनीला खरचटलंही नव्हतं. चाळिशीचा असेल तो, चेहरा सगळा धुळीने पांढरा.

“काकी, लागलं काय?” त्याने तिला विचारलं.

“हो,” शालिनी म्हणाली.

तो घाबरला. मी घाईघाईने म्हणालो, “नाही हो, नाही लागलं. ती सगळ्यालाच हो म्हणते.” तो हसायला गेला आणि कळ आल्यामुळे मधेच थांबला. मग शालिनीने डावा हात उचलला. तो हात चालत होता, तरी इतक्या महिन्यांत तिने तो आपणहून कधी उचलला नव्हता. चादरीचं टोक तिने मुठीत धरलं आणि त्या माणसाच्या मानेवरच्या जखमेवर दाबून ठेवलं. मनुभाई आणि गल्लीतले चौघे-पाचजण आत येईपर्यंत तिने हात काढला नाही. आयुष्यभर दवाखान्यात तिने हेच काम केलं होतं. मी बाजूला उभा राहून बघत होतो आणि मला माझी बायको पुन्हा दिसत होती.

लोकांनी तिला गादीसकट उचलून बाहेर आणलं. मनुभाई त्या माणसाला घेऊन दवाखान्यात गेले. खांद्याचं हाड मोडलं होतं, मानेला टाके पडले. बातमी मसोलीला पोहोचली तसे मंडळीतले लोक आले. त्यांनी आणि गल्लीतल्यांनी मिळून अंगणात बांबू रोवले, ताडपत्रीच्या आत गोधड्या लावल्या, शेगडी आणून ठेवली. शालिनीला या वेळी ताप आला नाही. टेम्पो मात्र दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत रस्त्यावरच उभा राहिला आणि पिकायला लागलेल्या चिकूंचा गोड वास आमच्या अंगणात भरून राहिला. माणसाचं नाव भरत आणि तो गंजाड गावचा, एवढं मनुभाईंनी विचारून ठेवलं होतं.

काही दिवसांनी मुलगी आली. तिला आईजवळ बसवून मी गंजाडला गेलो. वाटभर मी आभाराचे शब्द मनात जुळवत होतो. भरतचं घर शेताच्या कडेला, अंगण सारवलेलं, ओट्यावर तुळस. तो हात गळ्यात बांधून बाजेवर बसला होता. मला पाहून अवघडून उठला. “काका, तुम्ही कशाला एवढ्या लांब आले? काकी बऱ्या आहेत ना?”

मी काही बोलायच्या आत त्याची बायको, मंदा, पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. “तुम्ही मास्तर ना? मग यांना समजवा. परत असं नाय करायचं. घरात दोन पोरी आहेत, मी आहे. ते लाकूड डोक्यात पडलं असतं तर?”

मी जुळवलेले सगळे शब्द तिथेच गळून पडले. तिचं म्हणणं खरं होतं. माझी शालिनी वाचली, आणि तिला वाचवताना आपला नवरा गेला असता ही भीती ही बाई रोज भोगत होती. मी ज्याला कृपा म्हणत होतो ती कुणाच्या तरी घरातून घेतलेली होती. हे मला वाटेत एकदाही सुचलं नव्हतं. मी तिची माफी मागितली. तिने मान दुसरीकडे वळवली, पण तांब्या पुढे केला.

मग मी भरतला विचारलं, “भरतभाऊ, तुम्ही तर बाहेरच होतात. अंगणात उभे होतात, वर आभाळ होतं. तुम्हाला पळायचीही गरज नव्हती. मग आत का आलात?”

त्याने गळ्यातली झोळी सारखी केली. “काय सांगू काका. आतून तुमचा आवाज आला.”

“मी काय म्हणालो?”

“देवाचं नाव घेत होता. आणि म्हणत होता, ये, ये. मला वाटलं, मलाच बोलावताय. मग आलो.”

ते शब्द मी उच्चारल्याची आठवण मला आजही नाही. कुणाच्या कानावर पडत नाही असं ज्या प्रार्थनेबद्दल मी धरून चाललो होतो, ती अंगणात पिंपाजवळ उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाने ऐकली होती. त्याला प्रभूचं नाव नीट ठाऊकही नव्हतं. यात चमत्कार आहे की नाही, यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. घडलं तसं सांगितलं.

मी निघालो तशी मंदा म्हणाली, “काका, जेवून जा.” आवाजात राग अजून होता, पण ओट्यावर पाट मांडलेला होता. तांदळाची भाकरी, वालाची भाजी, सुकटाची चटणी. तिने ताटात वाढलं, मी एक घास घेतला, आणि माझ्या लक्षात आलं की किती तरी महिन्यांत मला कुणी वाढलेलं नाही. मीच रोज भरवत होतो. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. भरत घाबरून उठायला लागला तर मंदाने त्याला खुणेनेच बसवलं आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी घातली. चर्चमधल्या प्रभुभोजनाला, प्रभूच्या नावाने भाकर मोडून खाण्याच्या विधीला, मी आयुष्यभर बसलो आहे. त्या दिवशी त्या ओट्यावर मला त्याचा अर्थ पोटातून कळला. ते आपण कमावलेलं नसतं, आणि ज्याच्या अंगावर घाव पडले त्याच्याच घरात ते आपल्याला वाढलं जातं.

परतताना शेअर रिक्षात मी मुलांना शिकवलेलं आठवत होतो. तारण म्हणजे बाहेर काढणं, असं मी सांगत आलो. ते खोटं नाही. पण आधी कुणीतरी आत यावं लागतं, हे मी कधी सांगितलं नव्हतं, कारण मला ते माहीत नव्हतं. ज्याला यायची गरज नाही असा कुणीतरी. जो सुरक्षित उभा आहे आणि तरी छपराखाली येतो, आपल्यावर ओणवा होतो, आणि जे आपल्यावर पडायचं ते स्वतःच्या पाठीवर घेतो. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या श्रद्धेचा सगळा गाभा एवढाच आहे, आणि तो मला सत्तरीच्या उंबरठ्यावर माझ्याच घरात पाहायला मिळाला. मी प्रभूला इतके दिवस आतून हाका मारत होतो, बाहेर काढ म्हणून. त्याने आत येण्याची वाट मात्र मी पाहिली नव्हती.

एकटेपण गेलं असं मी म्हणणार नाही. मंडळीतले लोक पुन्हा आपापल्या संसारात गेले, मुलगी परत गेली. भरतचा खांदा भरून आला, तो टेम्पोवर परतला. मंदा सणाला भेटते तेव्हा अजून थोडी तुटकच बोलते, आणि ते मला योग्य वाटतं. कौलांच्या जागी मी पत्रे घातले. शालिनी त्यानंतर आणखी एक हिवाळा जगली. आता मी त्या घरात एकटा राहतो. संध्याकाळी रस्त्यावरची वर्दळ कमी झाली की घर फार मोठं वाटतं, आणि बोलायला कुणी नसतं. पूर्वी मला हे देवाने टाकून दिल्यासारखं वाटलं असतं. आता तसं वाटत नाही. का वाटत नाही, हे समजावून सांगणं कठीण आहे. त्यासाठी शालिनीच्या शेवटच्या दुपारबद्दल सांगावं लागेल.

तिचा श्वास सकाळपासून बदलला होता. मुलीला फोन केला होता, ती प्रवासात होती. डॉक्टर येऊन गेले, मान हलवून गेले. शेजारची माणसं आपापल्या कामावर. खोलीत ती, मी आणि खिडकीतून येणारं ऊन. मी तिचा डावा हात हातात घेऊन बसलो. हिला वाचव असं मी म्हणालो नाही, हिला यातून सोडव असंही म्हणालो नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मला प्रभूजवळ काहीही मागायचं नव्हतं. मी फक्त पलंगावर थोडा सरकून बसलो, आणखी कुणाला बसायचं असेल तर जागा व्हावी म्हणून. तिचा श्वास लांबत गेला, दोन श्वासांमधली शांतता वाढत गेली, आणि मग ती शांतताच राहिली. मी बराच वेळ उठलो नाही. मला रडू येत होतं, भीती मात्र वाटत नव्हती. मुलगी पोहोचली, दारात उभी राहून रडत म्हणाली, “बाबा, तुम्ही एकटेच होतात का हो?”

मी तिला जवळ घेतलं आणि खरं तेच सांगितलं. “नाही गं,” मी म्हणालो. “एकटा नव्हतो.”